चादरीवर मांडलेल्या बंदुका

१७ सप्टेंबर २०१७, रविवार

वॉल्टर साहेब आज पेटी घेऊन आले. पत्र्याची, हिरवी, कडी तुटलेली. आत जुने फोटो. सगळे अमेरिकन मरीन सैनिकांचे आणि त्यांच्या हत्यारांचे, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातले. मागे पेन्सिलीने ठिकाणं लिहिली आहेत: शांघाय, निकाराग्वा, हैती. त्यांचे आजोबा मरीन होते, पेटी त्यांचीच. नव्या हॉटेलच्या लाउंजमध्ये लावायचे आहेत. २०२२ च्या वर्ल्डकपला इथे कतरमध्ये माणसं येऊन बसणार आणि भिंतीवर बंदुका बघणार. कशाला? विचारलं नाही.

जोसेफ साहेब (आमच्या फ्रेमच्या दुकानाचे मॅनेजर) माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ये सब तू करेगा. सिर्फ तू. कुछ हुआ तो तेरा नाम." कौतुक होतं की दम, ते जेवताना ठरवत होतो. ठरलं नाही.

काम नीट झालं तर हॉटेलच्या सगळ्या मजल्यांच्या फ्रेमा आपल्या दुकानाला, आणि मी हेल्परचा फ्रेमर. बिघडलं तर माझा व्हिसा कॅन्सल. हे साहेब बोलले नाहीत. पण ते जे बोलत नाहीत तेच करतात.

१९ सप्टेंबर, मंगळवार

फोटो पाहून घेतले, हातमोजे घालून. हेल्मेटं चपटी, परातीसारखी. पोटऱ्यांना कापडाचे पट्टे. एका बंदुकीवर थाळीसारखं काहीतरी आडवं बसवलेलं. दुसरी तिपाईवर, नळी जाड, पाण्याच्या पाइपासारखी, तिच्यामागे रेतीची पोती. एक नुसतीच नळी आकाशाकडे तोंड करून उभी, तिच्यात वरून गोळा सोडणारा माणूस तोंड फिरवून उभा. पोरं माझ्याच वयाची. एकाच्या मांडीवर कुत्रं.

सगळ्यात चांगला एकच. जमिनीवर चादर अंथरून हत्यारं ओळीने मांडली आहेत, मधे सगळ्यात मोठं, दोन्ही बाजूंना लहान होत गेलेली, आणि मागे माणसं ताठ उभी. बहुतेक तपासणी असावी. सगळे कॅमेऱ्यात बघतात, एक सोडून. तो उजवीकडे, फोटोच्या बाहेर बघतोय. तेच वॉल्टर साहेबांचे आजोबा, साहेबांनीच दाखवले होते. काय बघत असतील? मी फोटो तिरका करूनही पाहिला. मूर्खपणा.

कामाआधी प्रत्येक फोटोचा मोबाइलवर फोटो काढायची माझी सवय. नंतर कुणी म्हणायला नको की ही चुणी आधी नव्हती. जोसेफ साहेबांनी पाहिलं. "पागल है क्या? हथियार का फोटो फोन में? ये कतर है." लगेच डिलीट केले. मग डिलीटच्या फोल्डरमधूनही डिलीट केले. आता वाटतंय, कुणी तपासलं तर एवढं डिलीट कशासाठी, असं विचारतील.

२० सप्टेंबर, बुधवार

दुकानासमोर पांढरी लँडक्रूझर. सकाळपासून. आत एकजण बसलेला, काचा काळ्या. मी शटर अर्धं ठेवलं.

दिनूकाका म्हणाले, "अरे परशा, तो लाँड्रीवाल्याची वाट बघता. त्याचे कपडे झाले नाय." आणि खरंच थोड्या वेळाने माणूस इस्त्रीचे कपडे घेऊन गेला. काका दिवसभर मला "काय रे, सीआयडी गेलो काय?" म्हणून चिडवत होते.

काका आमचे सुतार. मूळ कणकवलीकडचे. माझे वडील, अप्पा, आणि ते मुंबईत एकाच फर्निचरच्या कारखान्यात होते, त्या ओळखीवर त्यांनी मला इथे आणलं. खोली एकच, खालचा बेड त्यांचा, वरचा माझा. दिवाळीनंतर त्यांच्या मुलीचं लग्न. रजेचा अर्ज दिलाय. देशाबाहेर पडायच्या परवान्यावर जोसेफ साहेबांची सही अजून व्हायची आहे. परवान्याचा तो कागद काकांच्या ट्रंकेत, कुलपात.

२३ सप्टेंबर, शनिवार

आजपासून वहीत पूर्ण नावं नाहीत. दि. का., जो. सा., वॉ. सा. आणि नि. म्हणजे काच कापणारा निमल, श्रीलंकेचा. (हे इथेच लिहून ठेवलं म्हटल्यावर काय उपयोग. असो.)

नि. ला आज रंगेहाथ पकडलं. मी चहाला गेलो होतो. आलो तर तो ड्रॉवर उघडून मोबाइलवर बंदुकांचे फोटो काढतोय. तपासणीचाच फोटो. मी म्हटलं, किसको भेजता है?

"मेरा बेटा, ब्रो. गेम खेलता ना, गन-गन. उसको बोला, देख, पुराना वाला."

मुलाला. असं कोणीही म्हणेल. मी म्हटलं, दिखा. त्याने दाखवलं. समोरून मुलाने आग लागल्याची खूण पाठवली होती, तीन वेळा. मुलगा आहे हे खरं असेल. पण मुलाच्या नावाने नंबर कुणीही सेव्ह करतो.

जो. सा. ना सांगितलं नाही. अजून.

२५ सप्टेंबर, सोमवार

बाहेर मेट्रोचं खोदकाम. धूळ शटरखालून येते आणि नेमकी काचेच्या आतल्या बाजूला बसते. ओलं फडकं दाराला लावलं. सौदीची हद्द बंद झाल्यापासून फोटोभोवती लावायचा चांगला पुठ्ठा, माउंटबोर्ड, तोही वेळेवर येत नाही. आहे त्यात भागवतोय. चार फोटो बसवून झाले. टेप नाही वापरली, गव्हाची खळ शिजवली. दि. का. म्हणाले, "पापड करतंस काय?"

फ्रेमा दि. का. नी सुंदर केल्यात. साधं सागवान, कोपरे असे जुळले आहेत की नख शिरत नाही.

२८ सप्टेंबर, गुरुवार

तपासणीचा फोटो गुंडाळी होऊन वळलेला होता. आज हलकी ओल देऊन सरळ केला. वर टीपकागद, त्यावर जाड काच. शनिवार गेला की उचलायचा. आधी कुणी हात लावायचा नाही. सगळ्यांना सांगितलं.

दाबायच्या आधी दि. का. ना दाखवला. ते चष्मा कपाळावर सारून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "ही तर खंडेनवमीच मरे! बघ, हत्यारां मांडलेली, मागे सगळे हात जोडूक उभे."

हात जोडलेले नाहीत काका, बाजूला आहेत.

"आता जोडतीत."

नि. आज शेवटपर्यंत दुकानात होता, काचेची ऑर्डर संपवायला. माझ्याच टेबलाशी बसून डबा खाल्ला. मासा, पिवळाधमक रस्सा. मी म्हटलं, इधर मत खा. तो म्हणाला, "टेबल का भी पेट भरने दो." मला हसू आलं नाही.

२९ सप्टेंबर, शुक्रवार. खंडेनवमी

सुट्टी. दि. का. कडे दुकानाची किल्ली असते, म्हणून सकाळी दोघंच गेलो. करवत, रंधा, पटाशा, माझा माउंट कापायचा कटर, नि. चा हिऱ्याचा कलमही. सगळं पुसून नव्या टॉवेलवर मांडलं. मन्सूरा भागातल्या किराणावाल्याकडे झेंडू मिळाला, थोडा सुकलेला. हळदकुंकू काकांच्या घरून आलेलं, फिल्मच्या जुन्या डबीत. मी सहज म्हणालो, "खरी हत्यारं तर काचेखाली आहेत काका. आपल्या पटाशांचं काय कौतुक."

काका हसले.

नारळ आत फोडला तर पाणी उडेल म्हणून मी मागच्या पायरीवर गेलो. कुणी बघेल याची धास्ती. पहिल्या फटक्यात फुटला नाही. समोरच्या बाल्कनीतून एक बाई बघत होती, मी नारळ पाठीमागे लपवला, जसं काही चोरलाय. शेवटी फुटला.

आत आलो. काका डोळे मिटून. खोबरं वाटायला आम्हीच दोघं. निघताना सवयीने टेबल पाहिलं, काच जरा सरकल्यासारखी वाटली. सरळ केली.

३० सप्टेंबर, शनिवार. दसरा

आपट्याची पानं व्हॉट्सॲपवरच. आईने फोनवर विचारलं, सोनं लुटलं का. म्हटलं, हो.

नि. ने कलमावर कुंकू बघून विचारलं, "ये क्या, ब्लड?" काकांनी समजावलं. तो म्हणाला, "गुड. अब काच सीधा कटेगा."

१ ऑक्टोबर, रविवार

डाग.

टीपकागद उचलला आणि डाग. मधल्या मोठ्या बंदुकीच्या नळीपासून आजोबांच्या बुटापर्यंत. पिवळट, कडेला तांबूस, फासलेला. फोटो ओलसर होता, म्हणजे रंग आत मुरला. पुसायला गेलं तर वरचा थर निघून येईल. दि. का. म्हणाले, "थुंकी लावन कापसान पुस, जाता." मी जवळजवळ ओरडलो, हात नका लावू.

जो. सा. आले. फोटोकडे नाही, माझ्याकडे बघत होते. "किसने किया?"

डोकं भराभर चालत होतं. शुक्रवारी काच सरकलेली होती. म्हणजे गुरुवारी मी निघाल्यावर कुणीतरी उचलली. गुरुवारी शेवटी कोण होतं? पिवळा रस्सा कुणाचा होता? फोटो काढायची हौस कुणाला?

सांगितलं. एकही शब्द खोटा नाही. टेबलाशी जेवला, शेवटी तोच होता, ड्रॉवर उघडताना मी पाहिलंय.

नि. म्हणाला, "मैं खाया, सर. फोटो को हाथ नहीं लगाया." जो. सा. म्हणाले, "फोन दिखा." फोनमध्ये तपासणीचा फोटो निघाला. खलास.

जो. सा. फोटो घेऊन केबिनमध्ये गेले. पुढच्या रविवारी वॉ. सा. येणार. तोवर नि. ला इंडस्ट्रियल एरियाच्या गोदामात पाठवलं. वॉ. सा. नी पैसे-बिसे मागितले की नि. चा व्हिसा कॅन्सल करणार, असं आम्हा दोघांसमोरच म्हणाले.

दि. का. सगळा वेळ रंधा मारत होते. लाकूड संपलं तरी.

३ ऑक्टोबर, मंगळवार

काच आता मीच कापतोय. नि. चा कलम हाताला बसत नाही. दोन तुटल्या.

संशय खरा निघाला तर बरं वाटायला हवं. वाटत नाही. उलट आता वाटतंय, नि. गोदामातून माझ्याबद्दल कुणाला काय सांगत असेल.

४ ऑक्टोबर, बुधवार

दुसरा फोटो दाबायचा म्हणून रविवारचा टीपकागद काढला. रविवारी तो घाईत उलटा पडला होता, कोपऱ्यात. सुलटा केला.

मधोमध गोल. आधी हळद, तिच्यात कुंकू. बोटाच्या पेराएवढा. फोटोवर फासलं गेलं, कागदावर जसंच्या तसं उमटलं. आणि कागदाच्या सुरकुतीत तांदळाचा एक दाणा, लाल. अक्षता.

श्रीलंकेच्या माणसाच्या डब्यात अक्षता नसतात.

दाणा चिमटीत धरून मी शुक्रवार पुन्हा आठवला. काच सरकली होती ती नारळ फोडून आल्यावर. आधी मी पाहिलीच नव्हती. जो. सा. ना "गुरुवारी मी निघाल्यावर" असं ठामपणे कुणी सांगितलं? मीच.

आणि "खरी हत्यारं काचेखाली आहेत" हे कुणी म्हटलं?

दि. का. शेजारी सांधा घासत होते. त्यांनी कागद पाहिला की नाही, कळलं नाही. मी तो पुठ्ठ्यांच्या मागे सारला.

५ ऑक्टोबर, गुरुवार

काम सुटल्यावर दि. का. ना करक चहा प्यायला नेलं. नेहमीच्या टपरीवर, खोलीत बोलायला नको म्हणून. खिशातून दाणा काढून टेबलावर ठेवला.

त्यांनी तो बोटाने उलटा केला. मग म्हणाले, "तूच म्हटलंस."

मी गंमत केली होती काका.

"माका काय म्हायत गंमत. हत्यारां ती. नवमीच्या दिवशी हत्यारां समोर आसत आणि त्यांका हळदकुंकू नाय? ती माणसां परक्या मुलखात उभी. त्यांचा कोण करतलो?" आवाज खाली आला. "बोट टेकवलंय फक्त. एवढा पसरतला असा वाटलां नाय."

मग नि. ला बोलणं बसलं तेव्हा गप्प का होतात?

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. "सही नाय झाली अजून. जोसेफाक कळला तर सही करीत? पोरीचा लग्न आसा परशा. तां होईसर गप ऱ्हव. मगे थयसून मी फोन करून सगळा सांगतंय. देवाशपथ."

तोवर निमल गेलेला असेल, काका.

"तुका हय कोणी हाडलो?"

मला इथे आणल्याचं त्यांनी आजवर कधीच काढलं नव्हतं. बोलून झाल्यावर त्यांनाच लागलं असावं, कारण त्यांनी माझ्या चहाचेही पैसे देऊन टाकले आणि पुढे चालू लागले. दाणा टेबलावरच राहिला. मी परत जाऊन घेतला. टपरीवाला बघत होता.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

काका दिवसभर झोपले किंवा झोपल्यासारखे होते. मी कपडे धुतले. वरच्या बेडवर बसून हिशोब मांडला: बोललो तर लग्न, नाही बोललो तर नि. चा व्हिसा. मधे मी कुठेच नाही, असं वाटून बरं वाटलं. मग लक्षात आलं, दोन्हीकडे मीच आहे. बोट काकांचं, पण फोटो दाखवला मी, गंमत केली मी, नाव घेतलं मी.

थयसून, म्हणजे गावाहून, खरंच फोन करतील? मला काकांवर संशय घ्यायचा नाही. पण घेतला गेला.

७ ऑक्टोबर, शनिवार

जो. सा. नी डाग पडलेला फोटो परत माझ्या टेबलावर ठेवला. "जैसा है वैसा फ्रेम कर. कल बुड्ढा आएगा, मैं बोलूंगा वर्कर को निकाल दिया." म्हणजे नि. चं ठरलंच आहे. मी म्हणालो, सर, एक बात. ते म्हणाले, "कल." फोन आला आणि केबिनचं दार लागलं.

हा "कल" मला आवडला, हे इथे लिहून ठेवतो.

फोटो पुन्हा पाहिला. आजोबा अजून उजवीकडेच बघतात. हळदीचा फराटा त्यांच्या बुटाशी येऊन थांबलाय. काकांनी बोट टेकवलं ते मधल्या, सगळ्यात मोठ्या बंदुकीवर. आमच्याकडे गावीही मोठ्यापासूनच सुरू करतात.

काकांनी फ्रेम आणून दिली. फोटोवर वाकून विचारलं, "पुसणारच नाय काय तू?" मी म्हटलं, पुसलं तर आजोबांचे पायच जातील. ते म्हणाले, "आणि आसा तसा ठेवलां तर?"

टीपकागद पुठ्ठ्यामागेच आहे. आज तीनदा पाहिला.

८ ऑक्टोबर, रविवार, सकाळ

उठलो तर खालचा बेड रिकामा. काका माझ्या आधी कधी निघत नाहीत, चहा मीच करतो.

खुंटीवर किल्ली नाही.

ट्रंक उघडी. परवान्याचा कागद नाही. म्हणजे साहेबांपुढे ठेवायला नेला. असंच असेल. पण बेसिनवरचं कापसाचं पुडकंही नाही. ते परवाच आणलं होतं, दाढी करताना मला कापलं तेव्हा.

कागद नेला म्हणजे तो साहेबांना परत देऊन कबूल करणार. कापूस नेला म्हणजे पुसणार. दोन्ही कशाला नेईल माणूस? पुसून झालं की सही घ्यायला? की पुसायला जाईल, हात धजावणार नाही, आणि मग कागद परत करेल? काकांना फोन लावला, वाजतोय, उचलत नाहीत. टीपकागद दुकानात आहे. तोही त्यांना सापडेल.

दाणा माझ्या पाकिटात आहे.

नि. ला फोन लावला. गोदामाच्या गाडीत होता, मागे लोकांचा गोंगाट. म्हटलं, उतर, दुकान में आ, अभी. वॉल्टर साहब आने के पहले. तेरे सामने बोलना है.

त्याने ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितलं नाही. मग म्हणाला, "अब क्या बोलेगा तू बॉस को?"